पहिला ताप

"बस. कशालाही हात लावू नकोस."

रॉटरडॅमला आले त्या दिवशी माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं मराठी वाक्य. दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि रात्रभर न मिटलेले डोळे घेऊन मी दारात उभी होते. ऑफिसातल्या एकाने पत्ता दिला होता. मराठी कुटुंब आहे, वरची खोली भाड्याने देतात, काकू म्हणजे देवमाणूस, फक्त काका जरा... असं म्हणून त्याने वाक्य तिथेच सोडलं होतं. आत पाऊल टाकल्यावर उरलेलं वाक्य मला समोरच दिसलं. दिवाणखान्यात, जिथे कुठल्याही सभ्य घरात टीव्ही असतो तिथे, लोखंडी घोड्यावर एक भलंमोठं इंजिन चढवलेलं होतं. शेजारच्या फळीवर गणपती होता. उदबत्ती एकच होती आणि ती नक्की कुणासाठी लावली आहे ते कळायला मार्ग नव्हता.

मी पुण्याची. पाहुण्याला 'बसा' म्हणण्याआधी दहादा विचार करणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. पण 'बस' म्हणून झाल्यावर 'हात लावू नकोस' म्हणणारा माणूस मलाही नवीन होता. मी सोफ्यावर टेकले तर खालून करकर आवाज आला. दुकानातलं प्लॅस्टिक तसंच होतं.

"नवीन घेतला का सोफा?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"एकदम नवा," काका म्हणाले.

आतून काकूंचा आवाज आला, "आमची लेक चौथीत होती तेव्हा घेतलाय."

लेक त्या वेळी मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात शिकवत होती. मला जो धक्का बसला तो पहिला. पुढे त्या घरात राहिले तेवढे दिवस ते बसतच गेले, आणि आपण आता सरावलो असं मला वाटायला लागलं की नेमका त्याहून मोठा बसायचा.

काका मूळचे सांगलीचे. उंच, किडकिडीत, नाकावर चष्मा आणि चष्म्याच्या दांडीला दोरा. बंदरातल्या एका कंपनीत जहाजांची वेळापत्रकं जुळवणारा प्रोग्रॅम त्यांनी आयुष्यभर सांभाळला आणि निवृत्त झाल्यावर एका डच शेतकऱ्याच्या गोठ्यातून जुनी अमेरिकन गाडी उचलून आणली. आठ सिलिंडरची, आणि बॉनेटवर चार माणसांची पंगत बसेल एवढी लांब. तिचं इंजिन मेलेलं होतं. हे दिवाणखान्यातलं नवं, तिच्यासाठी. सुटे भाग आणून काका ते स्वतः जोडत होते. मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं, पण तिथे ओल यायची. म्हणून इंजिन घरात आणि काकूंची शिलाई मशीन गॅरेजात.

त्या घरात नवी वस्तू वापरायची नाही, असा दंडक होता. काकांची नवी सायकल जिन्याखाली कागदात गुंडाळून ठेवलेली, आणि स्वतः मडगार्ड नसलेल्या सायकलवरून पाठीवर चिखलाची रेघ काढत बाजारात जायचे. कपाटात नवा कोट होता, बाहीला दुकानाची चिठ्ठी लटकत होती. अंगात मात्र कोपराला ठिगळं लावलेला स्वेटर. एकदा धो धो पावसात ते भिजून आले. दारामागे कोरी छत्री टांगलेली होती. मी म्हटलं, "काका, छत्री नाही का न्यायची?"

"कशी नेणार?" ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले. "भिजली असती ना."

मला वाटलं गंमत करताहेत. नव्हते करत.

या सगळ्यामागे एक सिद्धांत होता आणि तो त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात, जेवणं झाल्यावर, रीतसर ऐकवला. इंजिनाशेजारी गंजलेल्या पाईपांचे दोन जुडगे पडले होते. "हे हेडर. इंजिनाच्या पोटातला जळका वायू यांच्यातून बाहेर पडतो." मग त्यांनी हातात पांढरे सुती मोजे घातले, कपाट उघडलं आणि तान्हं मूल आणावं तसं काहीतरी दोन्ही हातांवर घेऊन आले. किरमिजी रंगाच्या, जरीच्या काठाच्या शालीत ते गुंडाळलेलं होतं. शाल काकूंची होती, लेकीने पहिल्या पगारात घेतलेली. आतून तसेच पाईप निघाले, पण चांदीच्या ताम्हनासारखे लखलखीत.

"हे नवे. वरून सिरॅमिकचा लेप आहे. मोजा न घालता बोट लागलं तर घामाचा डाग पडतो, आणि तापल्यावर तो जन्माचा राहतो. हात मागे घे."

माझा हात मागेच होता, तो मी आणखी मागे घेतला. "मग हेच लावायचे ना?"

"लावायचे. पहिल्या दिवशी नाही."

नवं इंजिन पहिल्यांदा सुरू केलं की त्याला नुसतं गुरगुरत ठेवून चालत नाही, असं त्यांनी समजावलं. आत कॅम नावाचा दांडा असतो. तो नवा असताना सुरुवातीची वीसेक मिनिटं इंजिन मोठ्या आवाजात, वेग कमीजास्त करत, न थांबता पळवावं लागतं. कमी वेगात ठेवलं तर दांडा घासून खराब होतो. पण तेवढ्या वेळात हेडर असे तापतात की कधीकधी लालबुंद होतात, आणि नवा लेप असेल तर तो जळून जातो. म्हणून शहाणी माणसं आधी जुने, गंजके हेडर लावतात. इंजिन मुरलं की ते उतरवायचे आणि नवे चढवायचे.

"पहिला ताप जुन्यानं सोसायचा," काका बोट वर करून म्हणाले, "मग नव्यानं मिरवायचं."

मला ते पटलं. इंजिनाच्या बाबतीत अजूनही पटतं.

'मुरणं' हा त्यांचा लाडका शब्द. इंजिन चालवून चालवून रुळवण्याला डच भाषेत 'इनरायडन' म्हणतात. परदेशातून आलेल्याने इथला नागरिक होण्यासाठी भाषा शिकून परीक्षा द्यायची, त्याला 'इनबर्गरन'. ऑफिसात नव्या माणसाला काम शिकवायचं, तर 'इनवेर्कन'. "ह्या लोकांनी सगळ्याला 'इन' लावून ठेवलंय," काका म्हणायचे. "आपल्याकडे लोणचं, इंजिन आणि माणूस, तिघांना एकच शब्द पुरतो."

वरच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक नवख्याला ते असंच मुरवत. माझ्याआधी किती जण त्या वरवंट्याखालून गेले होते कोण जाणे, पण रॉटरडॅममधला निम्मा मराठी आयटीवाला 'मला काकांनी मुरवलाय' असं सांगताना मी ऐकलंय. नियम इंजिनाचेच. एकाच वेगाने जायचं नाही. एक शनिवार मराठी मंडळ, तर पुढचा शनिवार मंडळ बंद. एक दिवस वरणभात, दुसऱ्या दिवशी थंड ब्रेड आणि चीज, तोंड वाकडं न करता. समोरून वारा असेल त्याच दिवशी मला सायकलवर बसवून बांधावरून न्यायचे आणि मागून ओरडायचे, "गिअर बदल! एकाच गिअरवर मरशील!" मी एकदा सायकलसकट गवतात आडवी झाले. "हाउसआर्ट्सकडे जाऊ का?" मी गुडघा धरून विचारलं. इथे फॅमिली डॉक्टरला तसं म्हणतात. "कशाला? ती पॅरासिटॅमॉल सांगणार. मी इथंच सांगतो," काका म्हणाले आणि खिशातून गोळी काढून दिली.

'बूरमन' नावाच्या गृहस्थांचा त्यांच्या बोलण्यात सारखा उल्लेख असायचा. बूरमनला विचारलं, बूरमनने पाना दिला, बूरमन म्हणतो आवाज नको. मी बरेच दिवस समजत होते की कुणी बंगाली बर्मन असतील. पुढे कळलं, डच भाषेत शेजाऱ्याला बूरमन म्हणतात. ते शेजारी म्हणजे बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेले, पाव टन वजनाचे आजोबा निघाले.

आणि तो भोंगा! महिन्याचा पहिला सोमवार होता, मी घरून काम करत होते. दुपारी बारा वाजता अख्ख्या शहरात युद्ध सुरू झाल्यासारखे भोंगे वाजायला लागले. मी लॅपटॉप छातीशी धरून जेवणाच्या टेबलाखाली. वर काका आमटीभात जेवत होते. त्यांनी खाली वाकून बघितलं. "बाहेर ये. दर महिन्याला टेस्टिंग असतं. भोंगा आहे, वापरून बघावा लागतो."

"बघा," काकू भात वाढता वाढता म्हणाल्या, "ही माणसं वस्तू वापरून बघतात."

काका हसले. काकू हसल्या नव्हत्या, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

काकूंबद्दल काय सांगू? ठेंगण्या, गोऱ्या, आवाज कधी वर गेला नाही. सांगलीला त्या शाळेत गणित शिकवायच्या. इथे आल्यावर, काकांची नोकरी जरा स्थिर होऊ दे, मग तू बघ, असं ठरलं. मग लेक जरा मोठी होऊ दे, असं ठरलं. मग घराचे हप्ते. नंतर तो विषय कुणी काढला नाही. त्यांची एकच इच्छा मी ऐकली होती: लेकीच्या घरी गाडीने जायचं. ट्रेनने नाही. आपल्या गाडीने, वाटेत थांबत, डबा खात, मास्ट्रिख्टपर्यंत.

"इंजिन मुरलं की पहिली फेरी तीच," काका म्हणायचे.

"इंजिन पेटू तर दे," काकू पुटपुटायच्या.

लेक फोनवर सगळं ऐकायची. तिला मराठी कळायचं, पण उत्तर डचमधून यायचं. स्पीकरवरून एकदा म्हणाली, "पपा, दू नॉर्माल!" म्हणजे, बाबा, जरा माणसासारखं वाग. काकांना ते फार आवडलं. आठवडाभर ते इंजिनाला तेच म्हणत होते.

पुढचा धक्का मला ट्रामच्या खिडकीतून बसला. बुधवारची दुपार होती. सिग्नलला ट्राम थांबली, शेजारी एक छोटी गाडी येऊन थांबली. छतावर निळी पाटी, पाटीवर एल. गाडी शिकणाऱ्यांची. आत बाजूच्या सीटवर एक डच तरुणी हातातली कॉफी सांभाळत बसलेली, आणि चक्राला दोन्ही हातांनी घट्ट धरून, जिभेचं टोक दातात पकडून, कपाळावर कुंकू लावून, काकू. आमच्या काकू! दर बुधवारी ज्या भजनाला जात असत त्या काकू. मी खिडकीच्या काचेला चिकटले. त्यांनी मान वळवली, आमची नजरानजर झाली, आणि त्यांची गाडी बंद पडली. मागून हॉर्न वाजायला लागले.

संध्याकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "कुणाला बोललीस तर डब्यात रोज कारलं."

"पण काकू, काकांना का नाही सांगत? ते स्वतः शिकवतील की!"

"त्यांनी शिकवलं तर मी सत्तरीला पहिला गिअर टाकीन," काकू म्हणाल्या.

इथलं लायसन्स म्हणजे खायचं काम नाही. भलेभले नापास होतात. काकूही झाल्या, एकदा सोडून दोनदा. तिसऱ्या वेळी दुपारी मला ऑफिसात फोन आला, "ये गं लवकर." मी घरी पोचले तर काका गॅरेजात होते आणि काकू स्टुलावर चढून कपाटाच्या वरून खोकं काढत होत्या. त्यात निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या वाट्या होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, एकदाही न वापरलेल्या. आम्ही दोघींनी त्यात श्रीखंड खाल्लं, उभ्या उभ्या, दाराकडे कान ठेवून. मग काकूंनी वाट्या धुतल्या, पुसल्या, त्याच कागदात गुंडाळल्या आणि खोकं परत वर ठेवलं. मी खूप हसले. काकूंचे डोळे भरले होते. मला वाटलं, पास झाल्याचा आनंद.

अखेर इंजिन दिवाणखान्यातून हललं. चार माणसं आणि बूरमनची ट्रॉली लावून ते गॅरेजात नेलं आणि गाडीत बसवलं. एका शनिवारी ते पहिल्यांदा सुरू करायचं ठरलं. काकांनी मुरवलेली झाडून सगळी माणसं बोलावली होती, कुणी बायकामुलांसकट. काकूंनी पातेलंभर पोहे केले. मागच्या गल्लीत, गॅरेजच्या दारात, ऊन पडलं होतं. बूरमन आजोबा घडीची खुर्ची घेऊन आले होते. गाडीसमोर नारळ फुटला. वातावरण बारशाचं होतं. काकांनी जमलेल्यांना हेडरचं प्रवचन दिलं, ज्यांनी ते अनेकदा ऐकलं होतं त्यांनीही शेवटची ओळ कोरसमध्ये म्हटली. मग ते म्हणाले, "चला, ते जुने हेडर द्या इकडे. चढवू."

"अहो," काकू म्हणाल्या. "एक सांगायचं होतं."

त्या माझ्याच शेजारी उभ्या होत्या. पायाशी एक बॅग होती, ती मी पोह्यांच्या प्लेटांची समजत होते.

"मी आज मास्ट्रिख्टला चाललेय. लेकीकडे. राहायला."

"जा की," काका म्हणाले. "चार दिवस राहून ये. तोवर हे..."

"चार दिवस नाही. राहायलाच. तिच्या घराजवळ शाळा आहे, मुलांना गणित शिकवायला बाई हवी आहे त्यांना. मी हो म्हटलंय."

माझ्या हातातला चमचा पडला, तो मी उचललाही नाही. आमच्यात असं कुणी बोलत नाही हो! भांडतात, अबोला धरतात, माहेरी जातात. पण साठीच्या बाईने पोह्यांवर लिंबू पिळता पिळता, पंधरा माणसांसमोर, नवऱ्याला सोडून चाललेय असं सांगायचं, हे माझ्या कल्पनेच्या बाहेरचं होतं. मला काकूंचा रागही आला, खोटं कशाला बोलू. एवढ्या लोकांत?

"माझं काही चुकलं का?" काकांनी विचारलं. त्यांच्या हातात गंजका हेडर होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"तुमचं वाईट काहीच नाही," काकू म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता. "पण मघाशी ही सगळी पोरं म्हणाली ना, पहिला ताप जुन्यानं सोसायचा? मी विचार करत होते, आपल्या घरात जुनं म्हणजे कोण? चांगला सोफा नंतर. चांगल्या वाट्या नंतर. लेकीने दिलेली शाल मी एकदाही अंगावर घेतली नाही, ती पाईपाला. माझी नोकरीसुद्धा नंतर. अहो, मिरवायचं ते सगळं नंतर आणि ताप तेवढा आत्ता. तुमच्या हातात आहे ना तो? तो मीच आहे."

काकांनी हातातल्या हेडरकडे पाहिलं. गंजाने त्यांची बोटं तांबडी झाली होती. त्यांनी तो सावकाश, आवाज न करता, खाली ठेवला. मग कुणाकडेही न बघता घरात गेले.

ते रागावून गेले असं सगळ्यांना वाटलं. कुणीतरी टॅक्सीचं बघतो म्हणालं. बूरमनला एक शब्द कळला नव्हता, पण ते खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. आणि काका परत आले. दोन्ही हातांवर किरमिजी शाल. त्यांनी ती सोडली, नवे हेडर काढून गाडीच्या टपावर ठेवले आणि शाल काकूंपुढे धरली. "गारवा आहे," म्हणाले. शालीला तेलाचा वास होता. काकूंनी ती घेतली, अंगावर मात्र घेतली नाही.

मग त्यांनी नवे हेडर उचलले. उघड्या हातांनी! मोजे नाहीत, फडकं नाही, त्याच गंजाळलेल्या बोटांनी. माझ्या तोंडून किंचाळीच निघाली. "काका, डाग पडतील!"

"पाना दे," ते म्हणाले.

ते चढवायला दोन तास लागले. कुणी घरी गेलं नाही. पोहे गार झाले. काकू बूरमनच्या खुर्चीवर बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांची ट्रेन गेली, मग पुढची गेली. काका फक्त "पाना," "पकड," "नट" एवढंच म्हणत होते. मला अजूनही वाटत होतं की शेवटच्या क्षणी हा माणूस थांबेल. मी त्याला छत्री भिजू नये म्हणून स्वतः भिजताना पाहिलं होतं.

काकांनी किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा पेटलं, आणि गल्लीतल्या खिडक्या थरथरल्या. तो आवाज मला शब्दांत सांगता येणार नाही. त्यानंतर बोलण्याची सोयच नव्हती, आणि मधे थांबवायचीही सोय नव्हती. काका बॉनेटपाशी उभे राहून हाताने वेग कमीजास्त करत होते. उघड्या बॉनेटमधून हेडर दिसत होते. आधी चांदीचा रंग पिवळट झाला, मग तपकिरी, मग निळा. काकांच्या बोटांचे ठसे आधी दिसेनासे झाले आणि मग काळे होऊन वर आले. पाईप मुळाशी लाल व्हायला लागले. लेप भाजलेल्या पापडासारखा फुगला आणि त्याचे पोपडे सुटायला लागले. पंधरा माणसं कानांवर हात ठेवून ते बघत होती. काका एकदाही बघत नव्हते. ते पूर्ण वेळ काकूंकडे बघत उभे होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मोठ्या माणसाला असं चारचौघांत रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

इंजिन बंद झालं तेव्हा कानात नुसता भुंगा फिरत होता. सगळ्यात आधी काकू उठल्या. गाडीजवळ गेल्या, आत वाकून पाहिलं.

"अहो, काय केलंत हे! किती जपले होते तुम्ही!"

"हो," काका म्हणाले. "तेच."

काकूंनी शाल अंगावर घेतली, पदरासारखी नीट, आणि हात पुढे केला. "किल्ली द्या."

"किल्ली?"

"मास्ट्रिख्टला जायचंय ना मला? शाळा सोमवारपासून आहे. मी जाणारच आहे. पण ट्रेनने कशाला?" आणि त्यांनी पर्समधून लायसन्सचं कार्ड काढून त्यांच्या नाकासमोर धरलं.

काकांनी दोरा लावलेला चष्मा वर करून ते वाचलं. परत वाचलं. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मला माझ्यासारखा, धक्का बसलेला दिसला.

"कधी?"

"बुधवारी बुधवारी."

"भजन?"

"भजन तुमच्याच नावाने चाललं होतं," काकू म्हणाल्या. तेव्हा पहिल्यांदा गल्लीत कुणीतरी हसलं.

काकांनी किल्ली दिली. काकूंनी बॅग मागे टाकली, सीट पुढे ओढली. "नवं इंजिन आहे, एकाच स्पीडनं..." काका सांगायला लागले. "माहीत आहे. संसारभर ऐकतेय," काकू म्हणाल्या. काका दुसऱ्या बाजूने आत बसले. ती लांबलचक गाडी गल्लीच्या वळणावर काकूंनी एका दमात वळवली. बूरमन आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका ट्रेनने परत आले. एकटेच. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "ती राहिली. गाडी तिच्याकडेच ठेवलीय. मुरायचीय अजून, रोज थोडी चालवायला लागते." मग ते दिवाणखान्यात उभे राहिले. इंजिनाची जागा रिकामी होती. त्यांनी खिशातून सुरी काढली आणि सोफ्यावरचं प्लॅस्टिक एका टोकापासून कापत नेलं. आतलं कापड हिरवं होतं. इतके दिवस मी ते करडं समजत होते.

मंडळात व्हायची ती चर्चा झाली. या वयात वेगळं राहायचं म्हणजे काय, लेकीने फितवलं, त्यानेच हाकलली असेल. मी सुरुवातीला सगळ्यांना समजावत होते, नंतर सोडून दिलं. सोमवार ते शनिवार काका एकटे. निळ्या नक्षीच्या वाटीत वरणभात घेऊन जेवायचे. मला 'कशालाही हात लावू नकोस' म्हणायचं त्यांनी बंद केलं होतं. उलट मीच त्या वाट्यांना हात लावायला घाबरायचे.

आणि रविवारी सकाळपासून ते खिडकीत. पहिल्या रविवारी तर मला वाटलं होतं, काकू येणारच नाहीत. काकांना आणखी एक धक्का बसेल आणि तो आता त्यांना सोसवणार नाही. अकराच्या सुमाराला लांबून तो आवाज आला, चढता, मग उतरता, मग परत चढता. काका ताडकन उठले. कपाटातला नवा कोट त्यांनी अंगात घातला. बाहीची चिठ्ठी तशीच लटकत होती, ती मी धावत जाऊन दारात कापली.

गाडी घरासमोर येऊन थांबली. काकूंच्या खांद्यावर किरमिजी शाल होती. काका दार उघडून आत बसले, आणि बसल्या बसल्या सवयीने त्यांचा हात समोरच्या कुठल्याशा खटक्याकडे गेला.

"बसा," काकू म्हणाल्या. "कशालाही हात लावू नका."

काकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.